नकाशेकाकांचे नऊ होल

गोल्फ हा खेळ ज्याने शोधून काढला त्याला घरी कुणी विचारत नसणार, असं नकाशेकाकांचं ठाम मत होतं. नाहीतर एवढासा चेंडू एवढ्याशा भोकात घालायचा म्हणून माणूस इतक्या लांब जाऊन उभा राहीलच कशाला? जवळ जावं, खाली वाकावं, चेंडू भोकात ठेवावा आणि जेवायला घरी यावं. पण नाही. आधी लांब जायचं, मग काठीने मारायचं, मग हरवला म्हणून झुडपात शोधत बसायचं, आणि हे सगळं पांढरे बूट घालून. ज्यांच्या घरचे नळ गळत नाहीत अशा लोकांचे हे धंदे, असं म्हणून काकांनी तो विषय कधीच निकालात काढला होता.

त्यामुळे एका रविवारी सकाळी त्यांचा मेहुणा घरी आला आणि "भावोजी, पुढच्या महिन्यात तुम्ही माझ्याबरोबर गोल्फ खेळताय," असं म्हणाला, तेव्हा काकांनी हातातलं वर्तमानपत्र खालीसुद्धा केलं नाही.

मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. या धंद्यापायी त्याला एक वाईट खोड लागली होती. समोरचा माणूस आ करून बसलाय, तोंडात कापूस कोंबलेला आहे, त्याला उत्तर देता येत नाही, अशा अवस्थेतल्या माणसाशी बोलायची त्याला सवय. तो प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचा. आताही तो पुढे गेला. त्याच्या क्लबात दरवर्षी एक कौटुंबिक सामना असतो. सदस्याने आपला एक नातेवाईक जोडीला घ्यायचा, जो सदस्य नसेल असा. दोघांत मिळून चेंडू एकच. एकदा याने मारायचा, एकदा त्याने. दरवर्षी मेहुण्याचे सासरे जायचे, पण यंदा त्यांची कंबर धरली होती.

"मग दुसरा कुणी बघ," काका वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"दुसरं कुणी रिकामं नाही," मेहुणा म्हणाला. हे झोंबण्यासारखंच होतं, पण त्यापुढचं जास्त झोंबलं. "आणि भावोजी, तुम्हाला काही करायचं नाहीये. मी सांगेन तिकडे तोंड करायचं आणि हळूच ढकलायचा. डोकं माझं, हात तुमचा."

आता हे वाक्य मेहुण्याने दुसऱ्या कुणाला ऐकवलं असतं तर चाललं असतं. नकाशेकाका निचरा खात्यात ड्राफ्ट्समन होते. गावातलं सांडपाणी कुठून निघून कुठे जायचं याचे नकाशे त्यांनी उभी हयात काढले, आणि "डोकं माझं, हात तुमचा" हेच त्यांना प्रत्येक साहेबाने ऐकवलं होतं. त्यांनी गटार सरळ काढलं तर साहेबांच्या साडूच्या बंगल्यापाशी त्याला वळसा पडायचा. त्यांनी उतार पूर्वेला दिला तर कंत्राटदार म्हणायचा, पश्चिमेला दगड कमी लागतो. मोरी रुंद काढली तर अरुंद व्हायची, अरुंद काढली तर व्हायचीच नाही. काढलेला नकाशा आणि झालेलं काम यांची एकदाही गाठ पडली नव्हती. बरं, ते बघायलाही त्यांना मनाई होती. ड्राफ्ट्समनने टेबल सोडायचं नाही, जागेवर जायचं ते साहेबांनी. आणि नकाशावर सही करायची तीसुद्धा साहेबांनीच. काढणाऱ्याची सही कुठे करायची असते, हे त्या खात्यात कुणाला माहीतच नव्हतं.

निवृत्ती तोंडावर आली होती. काकांना बढती नको होती, निरोप समारंभ नको होता, शाल तर मुळीच नको होती. "एकदा तरी, एकच काम, मी काढलं तसं व्हावं," एवढंच ते काकूंना म्हणत. काकू "होईल हो" म्हणत आणि चहा ओतत. इतक्या वर्षांत त्यांचाही त्यावरचा विश्वास उडत चालला होता, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

"मैदान कुठलं?" काकांनी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"जुन्या वीटभट्टीच्या जागेवरचं. भलतं अवघड आहे भावोजी. लांबलांबून लोक येतात आणि नाक घासून जातात. चेंडू कुठे जाईल ते बापजन्मी सांगता येत नाही."

आता मात्र वर्तमानपत्र खाली आलं. वीटभट्टीच्या जागेवर गोल्फचं मैदान करायचं ठरलं तेव्हा त्याचा नकाशा काकांनी काढला होता. तरुणपणी. सगळी जमीन खणून, भरून, नव्याने घडवायची होती. प्रत्येक उंचवटा, प्रत्येक घळ, वाळूचे खड्डे, झेंडे, दार, तळं, मातीखालचे नळ, पाणी कुठून कुठे वाहील ते दाखवणारे बाण, सगळं त्यांच्या हातचं. पुढे त्याचं काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही. खात्यात असल्या गोष्टी विचारायची पद्धत नसते.

"मी सांगतो," काका म्हणाले.

"काय?"

"चेंडू कुठे जाईल ते."

मेहुणा हसला. एखादा म्हातारा रोगी "माझा दात आपोआप बरा होईल" म्हणाला की तो असाच हसायचा.

काकांचं शास्त्र सोपं होतं. चेंडू गोल असतो. गोल वस्तू जमिनीवर ठेवली की ती पाण्यासारखी वागते. पाणी कधी हवेत मारून कुणी वाहवतं का? मग चेंडू हवेत मारायचा मूर्खपणा कशाला? जमिनीला धरून, उताराला धरून तो नुसता सोडायचा, पुढचं काम जमीन करील. हे त्यांनी काकूंना सांगितलं, ऑफिसातल्या शिपायाला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. मग कपाटावरची जुनी गुंडाळी काढून त्यांनी स्वतःच्या पेन्सिलच्या कच्च्या प्रतीवर नवाकोरा ट्रेसिंग पेपर पसरला आणि सगळं मैदान पुन्हा उतरवलं. त्यावर लाल शाईच्या बाणांनी नऊही होलचे डावपेच आले; होल म्हणजे झेंडा रोवलेलं भोक आणि तिथपर्यंतची सगळी वाट. पहिल्या होलला सरळ. दुसऱ्याला डावीकडच्या उंचवट्यावर चेंडू चढवायचा, तो आपोआप घरंगळत झेंड्यापाशी येईल. तिसऱ्याला वाळूच्या खड्ड्याच्या उजव्या कडेने. पाचव्याला तळ्याच्या डाव्या काठाने, कारण डाव्या काठाचा उतार तळ्यापासून लांब जातो, उजव्याचा तळ्याकडे. काकू म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्हाला इतकं खूश बघतेय." काकांना त्यात टोमणा आहे की काय हे ठरवता येईना, म्हणून त्यांनी लाल शाईची बाटली बंद केली.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? मैदान एकदा डोळ्यांखालून घालावं. काकांनी क्लबाला फोन केला. फोनवर क्लबाचे सचिव होते. त्यांचा आवाज असा होता की ऐकणाऱ्याने आपोआप चपला बाहेर काढाव्यात.

"पाहुण्यांना आत येता येत नाही," सचिव म्हणाले.

"मी पाहुणा नाही, सामन्यात खेळणार आहे."

"सामन्याच्या दिवशी खेळणार आहात. आज पाहुणे आहात."

"मग पाहुणा म्हणून येतो."

"पाहुण्यांना सदस्यासोबत यावं लागतं."

"सदस्य माझा मेहुणा आहे, तो दवाखान्यात असतो."

"मग तो आला की तुम्हीही या. फक्त सामन्याच्या आधीच्या महिन्यात पाहुणे आणायला सदस्यांना मनाई आहे." आणि फोन ठेवून दिला. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः आखलेल्या जमिनीवर पाय ठेवायला त्यांना परवानगी लागत होती, आणि ती मिळतही नव्हती.

मग तालीम सोसायटीच्या गच्चीवर करायची ठरली. मेहुण्याने एक जुनी काठी दिली होती, तिला क्लब म्हणतात. ज्या संस्थेत खेळतात तिलाही क्लब म्हणतात. ज्या लोकांना दोन वस्तूंना दोन नावं देता येत नाहीत त्यांनी इतरांना नियम शिकवावेत, याचं काकांना नवल वाटलं.

गच्चीवर माणूस हातात काठी घेऊन उभा आहे म्हटल्यावर सल्ला द्यायला लोक आले नसते तरच नवल. चौथ्या मजल्यावरचे व्याजवाले आजोबा आले. ते बँकेतून निवृत्त झालेले. "काठी अशी धरा, जशी चिमणी धरतात," ते म्हणाले. त्यांनी आयुष्यात चिमणी धरली नव्हती. तळमजल्याच्या योगवाल्या बाई म्हणाल्या, श्वास पोटातून घ्या, चेंडू आपोआप जातो. विमावाले शेजारी म्हणाले की या खेळात खांदा निखळतो, आणि जाताना एक माहितीपत्रक ठेवून गेले. तिघांपैकी एकानेही गोल्फचं मैदान बघितलेलं नव्हतं. काकांना राग याचा नव्हता की ते सल्ला देत होते. राग याचा होता की तिघांचा सल्ला एकमेकांशी पटत नव्हता, आणि तो न पटणारा सल्ला ते काकांच्याच काठीवर आळीपाळीने करून दाखवत होते.

अखेर काकांनी सगळ्यांना बाजूला केलं, गच्चीचा उतार डोळ्यांनी जोखला आणि चेंडू अलगद सोडला. चेंडू निघाला. टाकीला वळसा घालून, वाळत घातलेल्या चादरीखालून, एकदाही न थबकता तो थेट पावसाच्या नळीच्या तोंडात गेला आणि तिथे अडकला. शास्त्र सिद्ध झालं होतं. पण त्याच दुपारी सोसायटीने टाकी धुवायला काढली. नळी तुंबली, गच्चीचं तळं झालं, आणि अध्यक्षांच्या दिवाणखान्याच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. संध्याकाळी फलकावर सूचना लागली: "निचरा खात्यात काम करणाऱ्या सभासदांनी तरी निचऱ्याचं भान ठेवावं." नाव कुठे नव्हतं. निचरा खात्यात काम करणारा सभासद मात्र सोसायटीत एकच होता.

जिना उतरताना काकांनी ती सूचना वाचली आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, "तुंबलं कुठे ते बघितलंस? बरोबर मी सांगितलं तिथेच."

"ते अध्यक्षांना सांगू नका," काकू म्हणाल्या.

सामन्याचा दिवस उजाडला. मेहुण्याच्या गाडीत पुढे मेहुणा आणि काका, मागे काकू. काकूंजवळ पाण्याची बाटली आणि काकांजवळ ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. गाडी मोठ्या रस्त्याने गेली, मैदानाच्या कुंपणाला समांतर गेली, आणि मग लाकडाच्या वखारीमागच्या बोळात वळली, जिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे जायचं.

"इकडे कुठे?" काकांनी विचारलं.

"दार इकडेच आहे."

"दार मोठ्या रस्त्यावर आहे. पूर्वेला."

"भावोजी, मी दर आठवड्याला येतो."

दार खरोखरच वखारीच्या बाजूला होतं. म्हणजे हेही. इतक्या वर्षांपूर्वीचं हेही काम कुणीतरी फिरवलं होतं. कुणाचा तरी साडू मोठ्या रस्त्याला राहत असणार.

पहिला होल सरळ होता. मेहुण्याने चेंडू हवेत उंच उडवला आणि तो मैदानाच्या मध्यावर पडला. काकांची पाळी आली तेव्हा मेहुणा म्हणाला, "झेंड्याकडे तोंड करा आणि मारा जोरात." काकांनी नकाशा बघितला, काठी जमिनीला टेकवली आणि चेंडूला नुसता धक्का दिला. चेंडू लांबवर घरंगळत गेला, मध्ये एका खोलगट जागेत शिरला, बाहेर पडला आणि झेंड्यापासून दोन हात अंतरावर थांबला. बघणाऱ्या लोकांतून कुणीतरी टाळी वाजवली. मेहुणा गप्प झाला. गप्प मेहुणा काकांनी प्रथमच बघितला, आणि तो त्यांना आवडला. काकूंनी पदराने तोंड पुसलं, पण त्या हसत होत्या हे काकांना दिसलं.

तिथून पुढे जे झालं त्याला काय म्हणावं? दुसऱ्या होलला झेंडा डावीकडे असायला हवा होता, तो उजवीकडे होता. "झेंडा कुणी हलवला?" काकांनी विचारलं. कुणी हलवला नव्हता. झेंडा त्यांनी हलवला असेल, काका मनाशी म्हणाले, पण उतार कुठून हलवतील? नळ मातीत खोल गाडलेले असतात. दार फिरवता येतं, झाडं उपटता येतात, जमिनीचा उतार कुणाच्या बापाला फिरवता येत नाही. त्यांनी नकाशाबरहुकूम चेंडू डावीकडे जो चढ दिसला त्यावर चढवला. तो पलीकडे उतरला आणि काटेरी कुंपणात जाऊन बसला. तिसऱ्या होलला वाळूच्या खड्ड्याच्या उजव्या कडेने चेंडू सोडला. खड्डा उजवीकडेच होता. चेंडू वाळूत, आणि पाठोपाठ चेंडू काढायला गेलेला मेहुणा वाळूत, पांढऱ्या बुटांसकट. चौथ्याला त्यांचा चेंडू मागच्या जोडीच्या पायांत आला. मागच्या जोडीत एक जज्ज होते आणि त्यांच्या सूनबाई. जज्जांनी चेंडूकडे अशा नजरेने बघितलं, जशी शिक्षा सुनवायच्या आधी आरोपीकडे बघत असतील.

"भावोजी, तो कागद खिशात ठेवा," मेहुणा म्हणाला. त्याच्या मोज्यांतून वाळू गळत होती. "डोळ्यांनी बघा आणि मारा."

"कागद बरोबर आहे. जमीन चुकीची आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," मेहुणा म्हणाला. हे तो काकूंसमोर म्हणाला, जज्जांसमोर म्हणाला, आणि मोठ्याने म्हणाला. काकूंचा चेहरा पडला. काकांना स्वतःच्या अपमानाची सवय होती. खात्यात त्याचा पगारच मिळायचा. पण काकूंचा पडलेला चेहरा बघून त्यांना इतकं वाईट वाटलं की क्षणभर काठी तिथेच टाकून घरी जावं असं त्यांच्या मनात आलं.

ते गेले नाहीत. ते पाचव्या होलला गेले.

पाचव्याला तळं होतं. तळ्याच्या डाव्या काठाने चेंडू सोडायचा, आणि उतार त्याला तळ्यापासून लांब नेणार, असा लाल शाईचा बाण होता. काकांनी सोडला. चेंडू वळला आणि पाण्यात गेला. मेहुण्याने नवा चेंडू तळ्याच्या अलीकडून उडवला, तो कसाबसा काठावर येऊन थांबला. पुन्हा काकांची पाळी. काकांनी दिशा बदलली नाही. खरा माणूस दिशा बदलत नसतो. चेंडू पुन्हा पाण्यात गेला. मेहुणा गवतावर बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा दाबून धरला, जसे त्याचे रोगी धरतात.

"अहो," काकू पुढे येऊन हळूच म्हणाल्या, "घरी मोरी तुंबल्यावर करता तसं करून बघा ना." आणि त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

काका त्या मखमलीसारख्या हिरवळीवर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी क्षणभर थांबलं, मग चक्क तळ्याकडे वाहायला लागलं. काकांनी त्याच काठावर जरा पुढे ओतलं. तेही तळ्याकडे. त्यांनी सरकत सरकत बाटली संपवली. मागे जोड्या खोळंबल्या होत्या. कुणीतरी सचिवांना बोलावून आणलं, आणि सचिव त्या छोट्या बॅटरीच्या गाडीतून आले. मिशा पिळलेल्या, टोपी तिरकी.

"हिरवळीला पाणी घालायला आमच्याकडे माणसं आहेत," सचिव म्हणाले.

"तुमचं मैदान चुकीचं आहे," काका उठून उभे राहिले. गुडघ्यांवर दोन हिरवे डाग पडले होते. "दार चुकीचं, झेंडे चुकीचे, खड्डे चुकीचे, आणि आता उतारसुद्धा चुकीचा. कुणाच्या परवानगीने फिरवलंत हे सगळं?"

"एक ढेकूळ फिरवलेलं नाही. पहिल्या दिवशी होतं तसंच आहे. म्हणून तर लोक येतात. या जमिनीचं कोडं अजून कुणाला उलगडलं नाही."

"मला उलगडलंय. मीच घातलंय ते," असं म्हणून काकांनी ट्रेसिंग पेपर उलगडला आणि दोन्ही हातांनी सचिवांच्या तोंडासमोर उंच धरला. "बघा. हे मैदान असं हवं होतं. आहे का असं?"

समोरून ऊन येत होतं. कागद पारदर्शक. अलीकडे काका, पलीकडे सचिव. सचिवांनी चष्मा वर केला, बोटाने एकेक वळण चाचपलं, दाराकडे बघितलं, तळ्याकडे बघितलं.

"अहो, हे तर हुबेहूब आमचंच मैदान आहे," ते म्हणाले. "मग तक्रार कसली आहे?"

"हुबेहूब कसं असेल? दार बघा की, पूर्वेला आहे."

"पश्चिमेला आहे. हे काय, वखारीच्या बाजूला."

"तुम्ही मागून बघताय," काका म्हणाले, आणि त्यांच्या हातातला कागद खाली आला.

कारण त्यांना सगळं आठवलं. तो मूळ नकाशाही असाच पारदर्शक कागदावर होता, आणि त्यावर त्यांनी इतके बाण, इतके उतार, इतकं बारीक काम केलं होतं की पुढच्या बाजूला कागदाच्या कडेपर्यंत जागा उरली नव्हती. मोठे साहेब सही करायला आले, त्यांना जागा सापडेना, आणि त्यांना तर जेवायला जायचं होतं. "एवढं कशाला भरलंय?" असं खेकसून त्यांनी कागद पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर झोकात सही ठोकली. खात्यात एकच नियम पाळला जातो. सही ज्या बाजूला, ती बाजू सरळ. अक्षरं असती तर ती उलटी आहेत हे कुणाला तरी कळलं असतं, पण अक्षरं काढायलाच साहेबांनी बंदी केली होती. नावं मंजुरीनंतर आम्ही घालू, म्हणाले होते. उत्तरेचा बाण तेवढा होता, आणि उत्तरेचा बाण कागद पुस्तकाच्या पानासारखा पालथा केला तरी वरच जातो. कंत्राटदाराने सही बघितली आणि सहीच्या बाजूने अख्खं मैदान खणून काढलं.

"म्हणजे उजवं ते डावं?" मेहुणा गवतावरून उठत म्हणाला.

"आणि डावं ते उजवं," काका म्हणाले. ते संतापले होते यात शंकाच नव्हती, कारण ज्या माणसाने जेवायच्या घाईत एवढी जमीन पालथी घातली तो बढती घेऊन, शाल घेऊन निवृत्त झाला होता. पण नुसता संताप नव्हता. त्यांनी कागद पालथा धरून तळ्याचा काठ बघितला, पलीकडचा उंचवटा बघितला, त्यामागची घळ बघितली. सगळं होतं. प्रत्येक वळण, प्रत्येक उतार, त्यांनी रात्रंदिवस डोळे फोडून काढलेला प्रत्येक बाण मातीत उतरला होता. कुणाच्या साडूसाठी वळसा नव्हता, कुणी दगड वाचवला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते मेहुण्याला दिसू दिले नाहीत.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने प्रश्न विचारून उत्तराची वाट बघितली. "आता कुठे मारू?"

"त्या झाडाकडे तोंड कर. झेंड्याकडे बघू नकोस. आणि मारू नकोस, सोड."

मेहुण्याने सोडला. चेंडू झाडाच्या दिशेने निघाला, वाटेत मन बदलल्यासारखा वळला, तळ्याच्या काठाकाठाने गेला आणि भोकाच्या तोंडाशी थांबला. उरलेले होल ते असेच खेळले. जज्जांनी स्वतःचा खेळ सोडून दिला आणि सूनबाईंना घेऊन ते यांच्या मागे चालायला लागले. मग आणखी जोड्या आल्या. शेवटच्या होलला चेंडूने दोन खड्ड्यांमधून अशी वाट काढली की मिशा पिळलेल्या सचिवांनी टोपी काढून हातात घेतली. जिंकायचा प्रश्नच नव्हता. काटे, वाळू आणि तळं मिळून आधीच इतकं नुकसान झालं होतं की ती जोडी सगळ्यांत शेवटची आली.

पण बक्षिसांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. क्लबाच्या मोठ्या खोलीत सगळी कमिटी एका टेबलाभोवती जमली होती आणि टेबलावर काकांचा ट्रेसिंग पेपर पसरला होता. बातमी ऐकून प्रत्येकाला काहीतरी सुचलं होतं. औषधांचे कारखानदार म्हणाले, आता चूक कळलीच आहे तर सगळं सरळ करून घेऊ, खर्च मी बघतो. एक वकील म्हणाले, सगळं नको, निदान दार मोठ्या रस्त्यावर घ्या. जज्ज म्हणाले, तळं बुजवलं तर बरं होईल, तिथे माझे चेंडू जातात. कुणी उंचवटा कापा म्हणालं, कुणी खड्डा सरकवा म्हणालं. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर चहाचा कप घेऊन बसले होते. हे सगळे आवाज त्यांच्या ओळखीचे होते. असलेच आवाज त्यांनी जन्मभर ऐकले होते, आणि प्रत्येक वेळी मान खाली घालून खोडरबर हातात घेतला होता.

त्यांनी कप खाली ठेवला आणि ते टेबलापाशी गेले.

"एका ढेकळालाही हात लावायचा नाही," ते म्हणाले.

काकूंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"पण ते उलटं आहे," कारखानदार म्हणाले.

"मी काढलं तसंच आहे. आयुष्यात एवढं एकच काम मी काढलं तसं झालंय. तुम्हाला उलटं दिसत असेल तर तुम्ही फिरून उभे राहा. जमीन फिरणार नाही."

कारखानदार काहीतरी म्हणणार होते. तेवढ्यात मेहुणा त्यांना म्हणाला, "साहेब, तुम्ही जरा तोंड बंद ठेवा." दातांचा डॉक्टर हे वाक्य सहसा म्हणत नाही, त्यामुळे त्याचा परिणाम झाला.

सचिवांनी घसा साफ केला. हा नकाशा क्लबाच्या भिंतीवर लावायची त्यांची इच्छा होती, अर्थात परवानगी असेल तर. आणि खाली काढणाऱ्याची सही हवी होती. त्यांनी टेबलावरचं पेन काकांपुढे केलं. "इथे कोपऱ्यात करा, बारीक केलीत तर मावेल."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली.

काकांनी कागद उचलला, पालथा केला, हाताने सपाट केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, अगदी मधोमध, ठळक सही केली.

"आता मैदान सरळ झालं," ते म्हणाले, आणि पेन सचिवांना परत दिलं.